अधिकाचं वाण : मृगाआधी सोलापुरात बियांची देवघेव

गच्चीवरची बाग | १९ मे २०२६, रात्री १०:४०

यंदा अधिक ज्येष्ठ लागलाय. ज्यांना जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचंय त्यांनी ते खुशाल द्यावं, मी म्हणतेय ते वाण वेगळं. घरोघरी डब्यांत, पुड्यांत, खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटल्यांत बी पडून आहे आणि मृगाला तीन आठवडेही उरले नाहीत. रविवारी, ३१ मेला, सकाळी सात वाजता हुतात्मा बागेच्या दाराशी जमू या का? सातच म्हणतेय, कारण नऊनंतर उभं राहिलं की आपली कडक भाकरी होते.

माझ्याकडचं सांगते. चवळी (तांबड्या दाण्याची, वेल फार पसरत नाही), निळी गोकर्ण एकेरी आणि दुहेरी, पांढरा पोकळा, तीन रंगांची गुलबक्षी आणि भरपूर झेंडू. झेंडूला कुणी नाही म्हणू नका, माझ्याकडे पिशवीभर आहे.

आता मला काय हवंय ते. वाळूक. काकडी नव्हे, वाळूक. बाजरीत नाहीतर तुरीच्या ओळीत सोडलेला वेल, गौरी-गणपतीपासून दसऱ्यापर्यंत फळं, कोवळं असलं तर बांधावर बसून मीठ लावून खायचं आणि जून झालं की बिया काढून भाजी. आईचं गाव मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठी. २०२५ च्या सप्टेंबरात सीना घरात शिरली, त्यात माळवदाच्या खोलीतली बियांची उतरंड गेली. घर आवरताना आई पातेल्यांबद्दल एक शब्द बोलली नाही. तिचं एकच, "वाळकाचं बी कुठनं आणू आता?" पन्नासेक वर्षं ती तेच बी धरत होती. बाजारातली पाकिटं मी आणून दाखवली, तिने हातात घेतली आणि परत दिली.

कुणाकडे असेल तर दहा बिया पुरेत.

बोअरचं पाणी | १९ मे, रात्री ११:०५

मी येऊलालोय बघा. माझ्याकडं पपई आणि दुधी. दुधीचं बी तर किलोभर निघंल, मागल्या अंगणात आपोआप आलेला वेल होता, लई मोठी फळं. खाल्ली मात्र न्हाई, कडू निघाली.

निवृत्त कृषी सहायक | २० मे, सकाळी ६:१५

बोअरसाहेब, ते बी आणू नका. कुणाला देऊ नका, स्वतःही लावू नका.

दुधीत कडूपणा येतो तो एका विषारी द्रव्यामुळे. शिजवून तो जात नाही, साखर घालून तर नाहीच. असल्या कडू दुधीचा रस पिऊन माणसं उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात गेलेली आहेत, काही दगावलेलीही आहेत. आपोआप उगवलेल्या वेलाचा बाप कोण ते आपल्याला माहीत नसतं. साधा नियम सांगतो : दुधी, दोडका, काकडी चिरताना देठाकडचा एक काप जिभेला लावायचा, कडू लागला तर थुंकून अख्खं फळ टाकायचं.

बोअरचं पाणी | २० मे, सकाळी ७:३०

बरं झालं सांगितलंव काका. बायको म्हणत होती गूळ घालून हलवा करू.

नवीन माळी | २० मे, सकाळी ९:१२

मला एक शंका आहे. मी भोपळी मिरची आणि लवंगी शेजारी शेजारी लावली होती. भोपळी तिखट झाली. म्हणजे लवंगीचा वारा लागला का? आणि मग बी धरू की नको?

निवृत्त कृषी सहायक | २० मे, दुपारी २:५०

वाऱ्याचा दोष नाही, मधमाशीचाही नाही. आणि झाला असलाच तर यंदाचा नाही. फळाचा गर आईचा असतो. परागकण कुठूनही येवोत, यंदाच्या मिरचीची चव बदलत नाही. बदल बियांत जातो आणि पुढच्या वर्षी त्या बियांच्या झाडाला दिसतो. तुमची यंदाच तिखट निघाली म्हणजे ज्या बियांपासून रोप आलं त्यांतच भेसळ होती. रोप कुठून आणलं?

नवीन माळी | २० मे, दुपारी ३:०५

एका नर्सरीतून. दहा रुपयाला एक.

निवृत्त कृषी सहायक | २० मे, दुपारी ३:४०

मग झालं. आता विषय निघालाच आहे तर ३१ तारखेला काय आणावं, काय आणू नये ते लिहून टाकतो. उन्हामुळे बाहेर पडता येत नाही, वेळ आहे.

बिनधास्त आणा : चवळी, वाल, घेवडा, टोमॅटो. यांचं फूल बहुतेक स्वतःच स्वतःला फळवतं, त्यामुळे शेजारी दुसरं वाण असलं तरी बी बहुधा शुद्ध राहतं. वांगी, मिरची, भेंडी मधल्या वर्गातली. एकच वाण लावलं असेल तर आणा.

विचारून आणा : वेलवर्गीय सगळं. यांची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी, आणि गल्लीतल्या मधमाश्या तुमची परवानगी घेत नाहीत. बी धरायचंच असेल तर फूल हाताने फळवा. मादी फुलाच्या खाली छोटं फळ दिसतं, नराला नुसता देठ असतो. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी-कारल्याची सकाळी. उमलायच्या आधी दोन्ही कळ्यांची तोंडं दोऱ्याने बांधायची. उमलायच्या वेळी सोडून नराचे पराग मादीवर चोळायचे आणि मादीचं तोंड परत बांधायचं. त्या फळाच्या देठाला रंगीत चिंधी बांधा, नाहीतर सूनबाई भाजीला काढते. (स्वानुभव. दोन वर्षं सलग.)

आणू नका : संकरित पाकिटातल्या झाडाचं बी. पाकिटावर एफ-१ लिहिलं असेल तर पहिल्या पिढीला एकसारखी फळं, दुसऱ्या पिढीला जत्रा. आणि गुलाबी, हिरव्या रंगाचं बी असेल तर त्याला औषध चोळलेलं आहे, ते लहान मुलांच्या हातात देऊ नका.

पुण्यातला बार्शीकर | २० मे, सायंकाळी ६:२०

काका, एक कायद्याचं विचारतो. अशी देवाणघेवाण चालते ना? ऑफिसात एक जण म्हणाला की कंपनीवाले केस करतात.

निवृत्त कृषी सहायक | २० मे, सायंकाळी ७:००

२००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे, त्याचं ३९ वं कलम वाचा. स्वतःच्या शेतातलं बी ठेवणं, पेरणं, बदलून घेणं, वाटणं, विकणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचं बी पाकिटात घालून ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढंच. राहीबाई पोपेरे अकोले तालुक्यातल्या डोंगरात गावठी बियांची बँक चालवतात, त्यांना सरकारने पद्मश्री दिली. तुमच्या ऑफिसातल्या गृहस्थाला सांगा, दोन पुड्या गोकर्णासाठी पोलीस येत नाहीत.

कनकांबरम | २० मे, रात्री ९:४५

ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू घरातली. माझ्याकडे पुंटीकूर आहे, लाल देठाची आणि हिरव्या देठाची, दोन्ही. अव्वा (आजी) होती तेव्हापासून अंगणात आहे. आमच्यात तिची पच्चडी (चटणी) करतात, डाळीतही घालतात. बी हवं तेवढं देईन.

बोअरचं पाणी | २० मे, रात्री ९:५२

अक्का हे पुंटीकूर म्हणजे काय ओ?

माळदांडी | २० मे, रात्री १०:१०

अंबाडी रे बाबा. आमच्या बांधावर कानडी शेजारी आहेत, ते तिलाच पुंडी पल्ले म्हणतात. तीन घरांत तीन नावं, आंबट तितकीच. आमच्यात ज्वारीच्या कण्या घालून शिजवतात आणि वरून लसणाची फोडणी, ती चळचळत ताटात यायला पाहिजे. आमचा आजा तिच्या वाखाचे दोर वळायचा, बैलाची दावी घरचीच असायची. आता दावं नायलॉनचं आणि बैल तर नाहीतच.

गच्चीवरची बाग, वाळकाचं बघतो. मंगळवेढ्याकडं पाहुणे आहेत, तिथं तुरीत अजून लावतात. हुरड्याचं बी आणू का? गूळभेंडी आहे, सुरती आहे.

नवीन माळी | २० मे, रात्री १०:१८

हुरडा!! मला पाहिजे. मृगात पेरला तर गणपतीत हुरडा पार्टी होईल का गच्चीवर?

माळदांडी | २० मे, रात्री १०:३०

नाही होणार. हुरड्याची ज्वारी रब्बीची. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, थंडीत कणीस भरतं, आणि मग संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास शेणीच्या आगटीत भाजून खायची. भारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती येते, म्हणून तर मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कुंडीत हुरडा म्हणजे हौस आहे. तरी देतो, गौरी गेल्यावर पेरा. पण कणसावर चिमण्या येतील. तुमच्या वाट्याला काय उरेल ते चिमण्यांना विचारा.

हिरवी मिरची | २१ मे, सकाळी ११:००

पंढरपूरहून. मला येता येणार नाही, पण कनकांबरम अक्कांना विचारायचंय. कनकांबरम म्हणजे अबोलीच, म्हणून तुमचं नाव वाचून धीर आला. अबोलीला बी का धरत नाही? चार वर्षं झाली, फुलं ढीगभर, गजरे होतात, बी एकसुद्धा नाही.

कनकांबरम | २१ मे, दुपारी १:३०

तुमची अबोली जास्त केशरी-लालसर, मोठ्या पाकळीची आहे का? तिला आमच्याकडे दिल्ली कनकांबरम म्हणतात. तिला बी येतच नाही, जातच वांझ आहे. फांदी लावायची. पावसाळ्यात बोटभर जाडीची नको, पेन्सिलीएवढी फांदी घ्या, पानं निम्मी काढा, सावलीत ठेवा.

बी हवं असेल तर साधी फिकट केशरी लावा. तिचं बी गोळा करायची गंमत आहे. वाळलेला तुरा ओंजळीत धरून थेंबभर पाणी शिंपडायचं. दोन मिनिटांत तडतड तडतड करून बी उडतं. आम्ही लहानपणी एकमेकींच्या पाठीवर ठेवायचो शाळेत. म्हणून तुरे वाळले की दव पडायच्या आत तोडून कागदी पिशवीत बंद करायचे, नाहीतर बी अंगणभर जातं.

हिरवी मिरची | २१ मे, दुपारी १:४४

हो हो, तीच लालसर! चार वर्षं मी खत बदलत बसले. धन्यवाद अक्का.

पुण्यातला बार्शीकर | २२ मे, सकाळी ८:३०

मला दुहेरी गोकर्ण आणि अंबाडी पोस्टाने मिळेल का? साध्या लिफाफ्यात मागे वाल मागवला होता, शिक्का मारताना सगळ्याची डाळ झाली होती.

गच्चीवरची बाग | २२ मे, सकाळी ९:१५

पाठवते. युक्ती आहे : रिकाम्या काडेपेटीत बी, आत कापूस, मग लिफाफा. रजिस्टर पोस्ट गेल्या वर्षापासून स्पीड पोस्टातच मिसळलंय, तेव्हा तेच करू. पैसे नकोत. त्याबदल्यात बार्शीकडचं काही असेल तर द्या. गोकर्णाचं बी पेरायच्या आधी पॉलिश पेपरवर दोनदा घासा आणि रात्रभर भिजवा. टणक कवच असतं, नुसतं टोकलं तर महिना-महिना रुसून बसतं.

नवीन माळी | २४ मे, दुपारी ४:००

अजून एक. माझी रोपं दोन पानांवर आली की कडेने करपतात. कुंडीवर पांढरा थर येतो. नळाला चार दिवसांआड पाणी, मधले दिवस बोअर.

बोअरचं पाणी | २४ मे, दुपारी ४:२०

माझं नाव उगाच न्हाई पडलं भाऊ. तो थर क्षाराचा. रोपांना बोअर देऊच नको, मोठ्या झाडांना दे. नळाचं एक पिंप फक्त रोपांसाठी बाजूला ठेव. एसीचं ठिबकतं ते पाणी बेस्ट, त्यात क्षारच नसतो. आरओचं वाया जातं ते मात्र टाकू नको, ते बोअरपेक्षा खारट. आणि पाऊस झाला की कुंड्या उघड्यावर काढून चांगल्या धुऊन निघू दे.

निवृत्त कृषी सहायक | २९ मे, सकाळी ६:४०

परवा येताना प्रत्येकाने बियांची उगवण बघून यावं. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आत्ताच ठेवा, रविवारपर्यंत चवळीसारख्यांचे मोड दिसतील. सात उगवल्या तर पुडीवर सात लिहा. कांद्याचं बी वर्षाहून जुनं असेल तर घरीच ठेवा, ते लवकर मरतं. टोमॅटोचं चार-पाच वर्षांचंही चालेल. आणि पुडीवर वर्ष लिहा हो. "आत्याकडचं" एवढंच लिहिलेल्या पुड्या माझ्याकडे सतरा आहेत, आत्या जाऊन बारा वर्षं झाली.

गच्चीवरची बाग | ३१ मे, दुपारी १२:३०

झालं एकदाचं! तेवीस जण आले. मी दहा धरले होते. सतरंजी आणली होती ती पुरली नाही, लोकांनी स्कूटरच्या सीटवर पुड्या मांडल्या. कनकांबरम अक्कांनी अंबाडीचं बी आणि डबाभर पच्चडी आणली. बी उरलं, पच्चडी नाही. एक आजोबा घेवड्याच्या बिया घेऊन आले होते, पांढऱ्यावर तांबडा ठिपका, अगदी कुंकू लावल्यासारखा. नाव विचारलं तर म्हणाले, "नाव कशाला, घेवडा आहे." देताना दरेकाला मोजून पाच. सहावी मागितली तर हसून मुठीत धरून ठेवली. मला त्यांचं पटलं. जो पाच बिया नीट लावील त्याला पुढच्या वर्षी पन्नास मिळतील.

एक तक्रार. दोघं-तिघं हात हलवत आले आणि पिशव्या भरून गेले. पहिल्यांदा येणाऱ्याचं समजू शकते, पण एका बाईंनी सगळी दुहेरी गोकर्ण उचलली. बार्शीकर, तुमची आधीच बाजूला काढली होती म्हणून वाचली.

झेंडू अजून पाऊण पिशवी आहे.

आणि वाळूक. तीन जणांनी आणलं! माळदांडी भाऊंनी मंगळवेढ्याचं, एका काकूंनी दक्षिण सोलापुरातल्या माहेरचं, आणि तिसरी पुडी शेणात थापलेली, कुणी ठेवली ते कळलंच नाही. भिंतीवर थापून वाळवलेली गोवरीच होती, मोडली की आतून बी. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आपलं नव्हं त्यातलं एक बी. पण शेणातलं चांगल्या बाईनं धरलंय."

निवृत्त कृषी सहायक | ३१ मे, दुपारी ३:१०

तिन्ही एका गच्चीवर लावू नका. दसऱ्याला तिन्हींची खिचडी होईल.

गच्चीवरची बाग | ३१ मे, सायंकाळी ५:००

तोच पेच आहे काका. एक आईच्या शेतात जाईल, एक माझ्याकडे. तिसरं कुठे लावू? आणि एवढं बी साठवू कसं?

निवृत्त कृषी सहायक | ३१ मे, सायंकाळी ६:३०

साठवणीचं आधी. बियांचे शत्रू दोन, ओल आणि ऊन. ढोबळ हिशेब असा की बियांतली ओल एक टक्क्याने उतरली की आयुष्य दुप्पट, आणि ठेवायच्या जागेचं तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत बी ठेवणं म्हणजे हळूहळू भाजणंच. सावलीत वाळवा, घट्ट झाकणाच्या बाटलीत घाला, तळाला चाळलेली कोरडी राख नाहीतर भाजून गार केलेले तांदूळ, आणि बाटली फ्रिजमध्ये. काढल्यावर लगेच उघडू नका, अर्धा दिवस बाहेर राहू द्या, नाहीतर दव धरतं. तुमच्या आईची उतरंडही याच तत्त्वावर चालायची. जाड मातीच्या भिंती, माळवदाखालचा गारवा, मडक्यात राख.

बोअरचं पाणी | ३१ मे, रात्री ८:४०

तिसरं मला द्या की ताई. अक्कलकोट रोडला माझी जागा आहे, आसपास कुणाचा वेल न्हाई. कडू दुधी उपटून टाकलाय, मांडव मोकळाच हाय. बी आलं की निम्मं तुमचं.

गच्चीवरची बाग | ३१ मे, रात्री ८:५५

दिलं. पण शेणातलं आईकडे जाणार, ते तिने मागून घेतलंय. तुम्हाला मंगळवेढ्याचं.

माळदांडी | १ जून, सकाळी ६:००

बोअर, पाहुण्याचं बी आहे. नीट सांभाळ, नाहीतर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

गच्चीवरची बाग | २१ जून, सकाळी १०:२०

आईकडून आजच आले. पाऊस लहरी, पण तिने मृगात शेणातल्या चौदा बिया टोकल्या, अकरा उगवल्या. दोन मुंग्यांनी नेल्या, एक कोंबडीने. सगळं बी तिने पेरलं नाही, निम्मं बाटलीत घालून माझ्याकडे दिलंय. म्हणाली, "एक घर इथं, एक घर तिथं." घरावर खडूने पुराची खूण केलीय, माझ्या खांद्याएवढी. बाटली तिच्याकडे ठेवायला ती तयारच नाही.

माझ्याकडचं वाळूक दहाला सात आलं. बोअर, तुमचं काय?

बोअरचं पाणी | २१ जून, सकाळी १०:४१

नऊ आले ताई, मांडवाला दोऱ्या बांधूलालोय. चिंध्यापण आणून ठेवल्यात, बायकोला सांगितलंय चिंधीवालं तोडायचं न्हाई.

नवीन माळी | २१ जून, सकाळी ११:०५

अंबाडी वीतभर झालीय. शेंडा खुडायचा की अख्खं रोप उपटायचं? आणि कण्या ज्वारीच्याच पाहिजेत का, तांदळाच्या चालतील?

कनकांबरम | २१ जून, सकाळी ११:३०

शेंडा खुडा, बाजूने फुटते. दोन रोपं बियांसाठी हात न लावता सोडा. कण्यांचं माळदांडी भाऊंना विचारा, मी डाळवाली.

माळदांडी | २१ जून, दुपारी १२:१०

तांदळाच्या?!

बोअरचं पाणी | २१ जून, दुपारी १२:१२

नळ आला, पिंप भरून येतो. तोवर भांडू नका.